इटालियन भाषकांना इंग्रजीतील ‘सिन्स’ शिकवताना : चूक शब्दाची की काळाची?

तोरिनोकर

इंग्रजीतील ‘सिन्स’ हा शब्द इटालियन भाषकांकडून ज्या सातत्याने चुकतो, त्या सातत्याने दुसरा एखादा लहानसा शब्द क्वचितच चुकत असेल. मी उत्तर इटलीतील तोरिनो (इंग्रजीत तुरिन) शहरात प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवते. हिशेबनीस, परिचारिका, निवृत्त रेल्वे कर्मचारी, दुकानदार असे सर्व प्रकारचे लोक वर्गाला येतात. त्या सर्वांचे शाळेत इंग्रजी झालेले असते, आणि तरीही ‘आय वर्क हिअर सिन्स थ्री इयर्स’ किंवा ‘आय वर्क हिअर फ्रॉम थ्री इयर्स’ हे वाक्य पहिल्याच तासाला हमखास कानावर पडते. या चुकीवर शाळेत जो उपाय शिकवला जातो तो अपुरा आहे, आणि माझ्या मते काही वेळा तो मूळ चुकीपेक्षाही अधिक नुकसान करतो. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि येथील भाषाप्रेमी मंडळींचे, विशेषतः शिकवणाऱ्यांचे, मत जाणून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी चूक येते कुठून ते पाहू. इटालियनमध्ये ‘दा’ हा एक शब्द आहे. काम आपल्या शब्दयोगी अव्ययांचेच, फक्त तो नामाच्या आधी येतो. ‘वेंगो दा रोमा’ म्हणजे मी रोमहून येतो, ‘वादो दाल मेदिको’ म्हणजे मी डॉक्टरांकडे जातो, ‘ओक्क्याली दा सोले’ म्हणजे उन्हाचा चष्मा, ‘क्वाल्कोझा दा मांजारे’ म्हणजे खायला काहीतरी, आणि ‘दा बांबीनो’ म्हणजे लहानपणी. काळाच्या बाबतीत हाच ‘दा’ आपल्या ‘पासून’चे काम करतो, आणि अगदी ‘पासून’प्रमाणेच तो दोन निरनिराळ्या गोष्टींना लागतो. ‘दाल २०१६’ म्हणजे २०१६पासून. हा काळातला एक ठरावीक बिंदू झाला. ‘दा त्रे आन्नी’ म्हणजे तीन वर्षांपासून. ही कालावधीची लांबी झाली. इंग्रजीला या दोहोंसाठी दोन शब्द लागतात, बिंदूला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’.

शाळेत एवढे सगळेच शिकवतात. फळ्यावर दोन रकाने आखले जातात, एकात सोमवार, २०१६, नाताळ, आणि दुसऱ्यात तीन वर्षे, दोन तास, बराच वेळ. विद्यार्थी रकाने पाठ करतात, गाळलेल्या जागा अचूक भरतात आणि उत्तम गुण मिळवतात. मग प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडून वाक्य निघते, ‘आय ॲम हिअर फॉर थ्री मंथ्स.’

या वाक्यापाशी जरा थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण सगळी मेख याच वाक्यात आहे. लंडनमध्ये नोकरीसाठी गेलेल्या इटालियन माणसाला म्हणायचे असते, ‘सोनो क्वी दा त्रे मेझी’, म्हणजे मला इथे येऊन तीन महिने झाले. शेजाऱ्याला मात्र ऐकू येते की हा गृहस्थ इथे तीन महिन्यांपुरता आला आहे आणि मुदत संपली की परत जाणार आहे. तो जर ‘सिन्स थ्री मंथ्स’ म्हणाला असता तर व्याकरण चुकले असते, पण अर्थ बिनचूक पोहोचला असता. शाळेने शिकवल्याप्रमाणे ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ घातल्यामुळे आता वाक्य व्याकरणात बसते आणि अर्थ मात्र दुसराच होतो. ऐकणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही, त्यामुळे तो दुरुस्त करत नाही की पुन्हा विचारत नाही.

दोष अव्ययाचा नसून क्रियापदाच्या काळाचा आहे. भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी इटालियन भाषा साधा वर्तमानकाळ वापरते, ‘लावोरो क्वी दा त्रे आन्नी’. मराठीही तेच करते, ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करतो’. इंग्रजीला तिथे पूर्ण वर्तमानकाळ हवा असतो, ‘आय हॅव वर्क्ट हिअर फॉर थ्री इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक त्यानंतरचा आहे. शाळा आधी नंतरची गोष्ट शिकवते आणि पहिली व्याकरणाच्या वेगळ्या धड्यावर सोपवते.

आता याची दुसरी बाजू, जी मला अधिक गंभीर वाटते. इटालियनमध्ये ‘पास्सातो प्रोस्सिमो’ नावाचा काळ आहे, ‘ओ लावोरातो’. त्याची घडण इंग्रजी ‘आय हॅव वर्क्ट’सारखीच आहे, ‘जवळ असणे’ या अर्थाचे सहायक क्रियापद आणि त्यापुढे भूतकालवाचक धातुसाधित. साम्य इतके स्पष्ट आहे की विद्यार्थी डोळे झाकून एकाच्या जागी दुसरे ठेवतो. पण रोजच्या इटालियनमध्ये हा काळ संपलेल्या गोष्टीसाठी वापरला जातो. ‘ओ लावोरातो आ तोरिनो पेर त्रे आन्नी’ म्हणजे मी तोरिनोमध्ये तीन वर्षे काम केले, आता करत नाही. त्याचे शब्दशः इंग्रजी केले की होते ‘आय हॅव वर्क्ट इन तुरिन फॉर थ्री इयर्स’, आणि इंग्रजी भाषक त्यावरून समजतो की हा माणूस बहुधा अजून तोरिनोतच आहे. म्हणजे इटालियनचा वर्तमानकाळ इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ होतो आणि इटालियनचा पास्सातो प्रोस्सिमो इंग्रजीत साधा भूतकाळ होतो. पटावरच्या सोंगट्या सगळ्या एकेक घर मागे सरकवाव्या लागतात. एकच सरकवून भागत नाही.

डॉक्टरांसमोर याचे काय होते ते पाहा. ‘ओ ला फेब्ब्रे दा त्रे जोर्नी’, म्हणजे मला तीन दिवसांपासून ताप आहे. ‘ओ आवूतो ला फेब्ब्रे पेर त्रे जोर्नी’, म्हणजे मला तीन दिवस ताप होता, आता नाही. यांतले दुसरे वाक्य शब्दशः इंग्रजीत आणले तर होते ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’, आणि त्याचा इंग्रजी अर्थ असतो पहिल्या वाक्याचा. उतरलेला ताप डॉक्टरांच्या लेखी चढलेला राहतो. उलट, वर्तमानकाळ चालत नाही एवढेच लक्षात ठेवून जो ‘आय हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणतो, त्याचा चढलेला ताप डॉक्टरांच्या लेखी उतरलेला असतो. माझ्या वर्गातल्या परिचारिकांना हा नियम कधीही रकान्यांतून समजला नाही. तापाच्या या जोडीतून तो लगेच समजला, कारण त्या प्रश्नाचे महत्त्व त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

मग शिकवावे कसे? माझा अनुभव असा की इटालियन माणसाच्या स्वतःच्या भाषेतच याची किल्ली आहे. ‘ओ सेंप्रे आबितातो आ तोरिनो’, म्हणजे मी कायम तोरिनोतच राहत आलो आहे. इथे काळ पास्सातो प्रोस्सिमो आहे, पण माणूस आजही तोरिनोतच राहतो. ‘दा आल्लोरा नॉन लो प्यू विस्तो’, म्हणजे तेव्हापासून मी त्याला पुन्हा पाहिलेले नाही. इथेही तोच काळ, तोच ‘दा’, आणि न दिसणे आजपर्यंत चालू. ही दोन वाक्ये जशीच्या तशी इंग्रजीत जातात, ‘आय हॅव ऑल्वेज लिव्हड इन तुरिन’ आणि ‘आय हॅव नॉट सीन हिम सिन्स’. ‘सेंप्रे’च्या वाक्यापासून सुरुवात करावी, ‘कायम’च्या जागी ‘१९९५पासून’ ठेवावे, क्रियापदाला हात लावू देऊ नये, आणि ‘फॉर’चा विषय सर्वांत शेवटी काढावा. या क्रमाने गेले की विद्यार्थ्याला नवा काळ शिकल्यासारखे वाटत नाही. आपल्याच भाषेतील एक सवय थोडी रुंद केल्यासारखे वाटते.

आपल्यापैकी कोणी इटालियन, फ्रेंच किंवा मराठी विद्यार्थ्यांना हे शिकवले असेल तर अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ

तोरिनोकरताई, धागा मनापासून आवडला. मी सांगली भागात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, आणि आपण लिहिलेले पहिले वाक्य, एका बदलासह, माझ्या वर्गात रोज ऐकतो. आमची मुले ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ म्हणतात. इटालियन विद्यार्थी साधा वर्तमानकाळ वापरतो आणि मराठी विद्यार्थी चालू वर्तमानकाळ, कारण आपण ‘काम करतो आहे’ असे म्हणतो आणि ‘आहे’ दिसले की मुलाच्या मनात ‘ॲम’ उभा राहतो.

एक मराठीची बाजू मांडतो. ‘तीन वर्षांपासून’ ही रचना आता सार्वत्रिक असली, तरी ‘गेली तीन वर्षे मी इथे काम करतो आहे’ ही रचनाही आपल्याकडे तितकीच रुळलेली आहे, आणि मला तरी ती अधिक घरची वाटते. ‘गेली तीन वर्षे’ म्हटले की ‘पासून’ येतच नाही, आणि मग इंग्रजी करताना ‘सिन्स’ सुचण्याचे कारणही उरत नाही. मी मुलांना कालावधीचे वाक्य आधी ‘गेली’ लावून मराठीत म्हणायला सांगतो. ‘सिन्स’ची चूक त्याने बरीच कमी होते. पण आपला मुद्दा वाचल्यावर लक्षात येते की क्रियापद तसेच राहते. इटालियनमध्ये ‘गेली तीन वर्षे’सारखी काही रचना आहे का?

तोरिनोकर

कृष्णाकाठ, आपला प्रश्न फार उपयोगी आहे. इटालियनमध्ये ‘नेल्यी उल्तिमी त्रे आन्नी’ म्हणजे ‘गेल्या तीन वर्षांत’ अशी रचना आहे, आणि विशेष म्हणजे तिच्याबरोबर पास्सातो प्रोस्सिमो सहज येतो, ‘नेल्यी उल्तिमी त्रे आन्नी ओ लावोरातो मोल्तो’, म्हणजे गेल्या तीन वर्षांत मी खूप काम केले आहे. हे वाक्य इंग्रजीत जसेच्या तसे उतरते. त्यामुळे ‘सेंप्रे’ आणि ‘दा आल्लोरा’ यांच्या जोडीला मी हे तिसरे वाक्य नक्की घेईन. मराठीत आपली ‘गेली’ची युक्ती अव्यय सुधारते, इटालियनमध्ये तीच युक्ती क्रियापदही सुधारते, हा फरक मला आपल्यामुळे दिसला.

मराठी मुलांसाठी एक सुचवू का? ‘करत आलो आहे’ ही आपली रचना अर्थाने इंग्रजी ‘हॅव बीन वर्किंग’च्या फार जवळची आहे. ‘मी इथे तीन वर्षे काम करत आलो आहे’ हे रोजच्या बोलण्यातले वाक्य नसले, तरी सुरुवात मागे आणि टोक आजवर, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

पोलिटेक्निकोवासी

मी मिलानोच्या पोलिटेक्निको या तंत्रविद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. आमचे शिक्षण इंग्रजीत चालते, पण वर्गात मातृभाषा इंग्रजी असलेला एकही जण नाही. माझा आक्षेप नम्रपणे मांडतो. इटालियन मित्र ‘सिन्स थ्री इयर्स’ म्हणतो, जर्मन मैत्रीण तिच्या ‘झाइट’मुळे तेच म्हणते, फ्रेंच मुलगा ‘देप्वी’मुळे तेच म्हणतो, आणि आम्ही भारतीय हिंदीतल्या ‘से’ आणि मराठीतल्या ‘पासून’मुळे तेच म्हणतो. सगळ्यांना सगळे समजते. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये ती मातृभाषा नसलेले लोक बहुसंख्य आहेत. इतक्या लोकांची विचार करण्याची पद्धत एकच असेल, तर इंग्रज माणसाच्या सवयीसाठी एवढी मेहनत का करावी? वर्गाचा वेळ उच्चार, शब्दसंग्रह आणि धीटपणा यांवर खर्च करणे अधिक योग्य नाही का?

तोरिनोकर

आपला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करते. ‘सिन्स थ्री इयर्स’ कोणाचाही गैरसमज करत नाही. एखादा विद्यार्थी तेवढेच बोलणार असेल आणि त्याला पुढे लिहायचे नसेल, तर मी त्याला टोकणारही नाही.

अडचण अशी की त्याला शाळेने आधीच टोकलेले असते. ‘सिन्स’ काढून ‘फॉर’ घालायची सवय त्याला लागलेली असते, आणि ‘आय ॲम हिअर फॉर थ्री मंथ्स’ हे वाक्य आपल्या मिलानोच्या वर्गातही दोन अर्थांनी समजले जाईल. जर्मन मैत्रीण तिच्या भाषेच्या सवयीने ते एका प्रकारे घेईल आणि इंग्रजी चांगले शिकलेला दुसरा कोणी दुसऱ्या प्रकारे घेईल. घरमालक विचारतो, ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ हा प्रश्न पुढच्या मुक्कामाचा आहे. इटालियन भाडेकरू ‘थ्री मंथ्स’ असे मागच्या मुक्कामाचे उत्तर देतो, आणि करार तीन महिन्यांचा होतो. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ हा प्रश्न वेगळा आहे हे ओळखण्यासाठीही क्रियापद ऐकता यावे लागते, म्हणजे प्रश्न केवळ आपल्या बोलण्याचा नाही, ऐकण्याचाही आहे.

दुसरे, नोकरीच्या अर्जाचे. इथे युरोपास या युरोपीय संघाच्या ठरावीक नमुन्यात जीवनवृत्त लिहिण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. इटालियनमध्ये ‘दाल २०१६ लावोरो कोमे कोंताबिले’ असे लिहिलेले असते, म्हणजे २०१६पासून हिशेबनीस म्हणून काम करतो. त्याचे इंग्रजी ‘फ्रॉम २०१६ आय वर्क’ असे होते, किंवा भूतकाळाची आठवण झाली तर ‘आय वर्क्ट सिन्स २०१६’ असे होते. वाचणाऱ्याला नोकरी सुटली आहे की चालू आहे हे कळत नाही, आणि जीवनवृत्तात नेमके तेच कळायला हवे असते. इतक्या साध्या वाक्यावरून माणसाची पारख चुकू नये असे मला फार वाटते.

एत्नाच्या पायथ्याशी

मी सिसिलीतील कातानियामध्ये राहते. इथले एक निरीक्षण सांगते. उत्तर इटलीत बोलताना पास्सातो प्रोस्सिमो सगळीकडे वापरला जातो, पण इकडे दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, बोलण्यातही पास्सातो रेमोतो हा दुसरा भूतकाळ जिवंत आहे. तोरिनोचा माणूस ‘ओ लावोरातो’ म्हणेल तिथे इथली आजी ‘लावोराई’ म्हणते, तेही अगदी अलीकडच्या गोष्टीसाठी. ‘लावोराई’ हे एकाच शब्दाचे रूप आहे, त्यात सहायक क्रियापद नाही, आणि ते इंग्रजी ‘आय वर्क्ट’शी सरळ जुळते. माझ्या शेजारच्या मुलाला मी अभ्यासात मदत करते. ‘आय हॅव वर्क्ट’ आणि ‘आय वर्क्ट’ यांतला गोंधळ त्याला पुस्तकी इटालियनमधून विचार करताना होतो, आणि आजीसारखे बोलून पाहायला सांगितले की होत नाही. सिसिलियन बोलीला शाळेत फारसा मान नाही, पण इथे ती चक्क उपयोगी पडते याचा मला आनंद वाटतो.

तीन वर्षांपासून चालू असलेल्या गोष्टीसाठी मात्र इथेही वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे आपली अर्धी अडचण दक्षिणेतही तशीच आहे.

तोरिनोकर

ही फारच मोलाची भर आहे, ताई. माझ्या वर्गात दक्षिणेकडून तोरिनोला स्थायिक झालेल्या कुटुंबांतले अनेक जण आहेत, कारण मोटार उद्योगाच्या भरभराटीच्या काळात, १९५० आणि १९६०च्या दशकांत, दक्षिणेतून मोठ्या संख्येने लोक इथे आले. त्यांच्या घरी पास्सातो रेमोतो अजून कानावर असतो. पुढच्या तासाला मी त्यांनाच ही जोडी सांगायला लावणार आहे.

देप्वीप्रेमी

पुण्यात फ्रेंच शिकवते. फ्रेंच ‘देप्वी’ आणि इटालियन ‘दा’ यांची अडचण तंतोतंत एकच आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. स्पॅनिशमध्ये थोडी सोय आहे. ठरावीक बिंदूसाठी ‘देस्दे’ आणि कालावधीसाठी ‘देस्दे आसे’ अशी दोन रूपे असल्यामुळे स्पॅनिश भाषकाला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ वेगळे ठेवायला आधार मिळतो. काळ मात्र त्यांचाही वर्तमानच, त्यामुळे आपला सिद्धांत तिथे अधिकच पटतो. शब्दाची अडचण नसली तरी चूक उरतेच.

मला विचारायचे आहे ते ‘सिन्स’च्या दुसऱ्या अर्थाविषयी. ‘ज्याअर्थी’ किंवा ‘कारण’ या अर्थाने इटालियन विद्यार्थी तो वापरतात का?

तोरिनोकर

वापरतात, आणि नकळत वापरतात. त्या अर्थासाठी त्यांच्याकडे ‘सिक्कोमे’ आणि ‘दातो के’ असे स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे ‘सिन्स’ला हा अर्थ आहे हे त्यांच्या ध्यानात नसते. ‘दा क्वांदो वीवो आ मिलानो, प्रेंदो इल त्राम’, म्हणजे मिलानोमध्ये राहायला लागल्यापासून मी ट्रामने जातो. शब्दशः इंग्रजी होते ‘सिन्स आय लिव्ह इन मिलान, आय टेक द ट्राम’, आणि त्याचा अर्थ होतो, मी मिलानोमध्ये राहतो म्हणून ट्रामने जातो. काळ पुन्हा तोच खेळ करतो. ‘सिन्स’पुढे साधा वर्तमानकाळ आला की इंग्रजी कान ‘कारण’ हा अर्थ घेतो. ‘सिन्स आय मूव्हड टू मिलान’ म्हटले की ‘पासून’ हा अर्थ परत येतो, आणि मी विद्यार्थ्यांना राहण्याऐवजी राहायला येण्याचे क्रियापद घ्यायला सांगते, म्हणजे बिंदू ठसठशीत होतो.

याच्याच जवळचा एक प्रश्न आहे. ‘दा क्वांदो स्तूदी लिंग्लेझे?’, म्हणजे तू इंग्रजी कधीपासून शिकतोस, हा इटालियनमध्ये साधा, सौजन्याचा प्रश्न आहे. त्याचे ‘सिन्स व्हेन’ने सुरू होणारे इंग्रजी मात्र जाब विचारल्यासारखे किंवा अविश्वास दाखवल्यासारखे ऐकू येऊ शकते. मराठीतही ‘कधीपासून?’ हा प्रश्न आवाज चढवून विचारला की असाच लागतो. म्हणून ‘हाऊ लाँग हॅव यू बीन स्टडिंग इंग्लिश?’ हे वाक्य मी अख्खेच पाठ करून घेते.

कृष्णाकाठ

एक शंका राहिली. ‘इट इज थ्री इयर्स सिन्स आय सॉ हिम’ या वाक्यात ‘थ्री इयर्स’ आणि ‘सिन्स’ शेजारी शेजारी येतात. माझी हुशार मुले हे दाखवून विचारतात की मग कालावधीला ‘सिन्स’ चालत नाही असे का शिकवता?

तोरिनोकर

इथे ‘सिन्स’ कालावधीला लागलेला नाही, त्याच्या पुढच्या ‘आय सॉ हिम’ला लागला आहे, आणि ती भेट हा बिंदूच आहे. मराठीत ‘त्याला भेटून तीन वर्षे झाली’ असे आपण म्हणतो. ‘भेटून’मध्ये बिंदू आहे आणि ‘तीन वर्षे झाली’मध्ये लांबी आहे. मुलांना हे मराठी वाक्य आधी दिले की इंग्रजी रचना त्यांना परकी वाटणार नाही. अमेरिकन इंग्रजीत ‘इट्स बीन थ्री इयर्स’ अधिक ऐकू येते, तेही बरोबरच आहे. इटालियनमध्ये मात्र ‘सोनो त्रे आन्नी के नॉन लो वेदो’ म्हणतात, शब्दशः ‘तीन वर्षे आहेत की मी त्याला पाहत नाही’, आणि तो नकार इंग्रजीत ओढून आणला की ‘इट इज थ्री इयर्स दॅट आय डोन्ट सी हिम’ असे वाक्य तयार होते. त्यांना मी ‘आय हॅव नॉट सीन हिम फॉर थ्री इयर्स’ हेच आधी देते. नकारार्थी वाक्यात अमेरिकन लोक ‘फॉर’ऐवजी ‘इन’ही वापरतात, एवढे सांगून ठेवते, म्हणजे चित्रपट पाहताना ते गोंधळत नाहीत.

पोलिटेक्निकोवासी

आपले उत्तर पटले, विशेषतः घरमालकाच्या प्रश्नाचे. आता माझी खरी अडचण विचारतो. काल स्टेशनवर इटालियन मित्र मला इंग्रजीत म्हणाला, ‘द ट्रेन हॅज लेफ्ट फॉर टेन मिनिट्स.’ त्याने पूर्ण वर्तमानकाळ वापरला, ‘फॉर’ही वापरला, आपले दोन्ही नियम पाळले, आणि तरीही वाक्य चुकले. का?

तोरिनोकर

फार चांगले उदाहरण आहे. तो मनात म्हणत होता ‘इल त्रेनो ए पार्तीतो दा द्येची मिनूती’, म्हणजे गाडी सुटून दहा मिनिटे झाली, आणि हे इटालियन बरोबर आहे, कारण त्यांच्या लेखी गाडी ‘गेलेली’ या स्थितीत दहा मिनिटे आहे. इंग्रजीत ‘लीव्ह’ ही क्षणात घडून संपणारी क्रिया आहे. ती दहा मिनिटे चालू राहू शकत नाही. ‘फॉर’ला चालू राहणारी क्रिया किंवा स्थिती लागते. राहणे, काम करणे, ओळखणे, ताप असणे, पाणी उकळत असणे या सगळ्यांना तो चालतो. निघणे, पोहोचणे, मरणे, लग्न लागणे यांना चालत नाही. तिथे ‘दा’चे इंग्रजी ‘अगो’ होते आणि क्रियापद साध्या भूतकाळात जाते, ‘द ट्रेन लेफ्ट टेन मिनिट्स अगो’.

लग्नाचे उदाहरण वर्गात मुद्दाम घ्यावे, कारण तिथे तिन्ही वाटा एकत्र दिसतात. ‘स्यामो स्पोझाती दा द्येची आन्नी’, आमच्या लग्नाला दहा वर्षे झाली. ‘वुई गॉट मॅरिड टेन इयर्स अगो’ हे बरोबर, कारण लग्न लागणे हा क्षण आहे. ‘वुई हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’ हेही बरोबर, कारण विवाहित असणे ही स्थिती आहे आणि ती चालू आहे. आणि ‘वुई वेअर मॅरिड फॉर टेन इयर्स’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा समजतो की ते लग्न आता उरलेले नाही. आपल्या मित्राला ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहून द्या, आणि त्यानंतर गाडीचे वाक्य त्याचे त्यालाच दुरुस्त करू द्या.